सहा कडांची गोधडी

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटक घराण्यातल्या सर्वसेनाने येथे आपली राजधानी केली, आणि पुढची दीडशे वर्षे विदर्भाच्या मोठ्या भागाचा कारभार या गावातून चालला. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माच्या अंतःपुरातील चालीरीतींचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथातल्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘सूचीवानकर्म’, म्हणजे सुईकाम, नोंदवलेले आहे. तेराव्या शतकातला टीकाकार यशोधर या कलेचे तीन भाग पाडतो: कंचुकासारखी वस्त्रे शिवणे, फाटलेले कापड सांधणे आणि अंथरुणे-आच्छादने रचणे. आपल्या आज्या ज्याला गोधडी म्हणत, तिच्यात हे तीनही भाग एकत्र आलेले आहेत. गोधडीचा मागोवा घेताना आपण वाशीमपासून निघतो, ते या धाग्यामुळे.

वत्सगुल्माचा अखेरचा मोठा राजा हरिषेण. त्याचा प्रधान वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्षुसंघाला अर्पण केले. त्या लेण्यात राहायला येणाऱ्या भिक्षूंचे वस्त्रही तुकड्यांचेच असे. विनयपिटकात त्याची कथा आहे. मगधातली बांधाबांधांनी विभागलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला त्याच आकृतीचे चीवर करता येईल का, असे विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून ते करून दाखवले. तुकड्यांच्या जोडणीला नकाशा असावा, ही कल्पना इतकी जुनी आहे. पुढे नाथपंथी जोग्यांच्या अंगावर कंथा, म्हणजे ठिगळांचे वस्त्र, आली. आणि आपल्या वऱ्हाडात 1 फेब्रुवारी 1905 रोजी घर सोडून निघालेल्या डेबूजी जानोरकरांना, म्हणजेच गाडगेबाबांना, लोक त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रावरूनच गोधडेबुवा म्हणू लागले. ज्या वस्त्राची गरिबाला लाज वाटावी असा समाजाचा रिवाज होता, ते वस्त्र या परंपरेत आदराचे ठरले.

घरातली गोधडी मात्र संन्याशाची नव्हती, संसाराची होती. जुने नऊवारी लुगडे हा तिचा कणा. मऊ झालेले लुगडे खाली पसरायचे, त्यावर फाटकी धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, परकरांचे घेर असे थर लावायचे, आणि वरून दुसरे बरे लुगडे घालून चारी कडा दुमडून घ्यायच्या. मग एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत जातो. काही हात टाके बोटभर अंतरावर घालतात, काही अगदी बारीक. शेतीची कामे उरकलेल्या उन्हाळ्यात दोघी-तिघी जावा-शेजारणी एका गोधडीभोवती बसत. तान्ह्या बाळाचे दुपटेही अशाच जुन्या कापडाचे, कारण नव्या कापडाची खळ त्याच्या अंगाला टोचते. गोधडीत कापड शक्यतो कापत नाहीत. जसे फाटले तसे घ्यायचे आणि थरात बसवायचे, ही तिची रीत. पुढे येणाऱ्या षट्कोनाच्या कथेत कापड साच्याने कापतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.

ती कथा भारतीय कापडाच्या व्यापारातून निघते. सतराव्या शतकात कारंजा ही वऱ्हाडातली संपन्न पेठ होती. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, तेव्हा हाती आलेल्या मालात उंची कापड होते. त्याच काळात कोरोमंडल किनाऱ्यावरची आणि गुजरातेतली छापील छिटे जहाजांनी युरोपात जात होती, बऱ्हाणपूरच्या छापील कापडाचाही लौकिक होता. या कापडाने तिकडच्या विणकरांचा धंदा बसू लागला, तेव्हा फ्रान्सने 1686 मध्ये बंदी घातली. इंग्लंडने 1700 मध्ये आणि आणखी कडक कायद्याने 1721 मध्ये तेच केले. तिथली बंदी उठायला 1774 उजाडले. असे कापड ज्या घरात होते, तिथे त्याची चिंधीही मोलाची. कागदाचा साचा कापायचा, त्यावर कापड दुमडून टाचायचे आणि काठाला काठ जोडत जायचे, ही पद्धत इंग्लंडात तोवर रुजली होती. तिथली साल घातलेली सर्वांत जुनी ज्ञात तुकडेजोड रजई 1718 ची आहे. ती रेशमी आहे आणि तिच्या पोटात कागद अजून शिल्लक आहेत. त्या शतकाच्या अखेरीपासून सुती छिटांचे षट्कोन दिसू लागतात. 1835 मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने षट्कोनी जोडणीची कृती छापली, आणि 1930 च्या आसपासच्या मंदीच्या वर्षांत हाच नमुना ‘आजीची फुलबाग’ या नावाने अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला.

षट्कोनच का? समान आकाराचे तुकडे फट न ठेवता बसवायचे, तर कमीत कमी काठ लागतो तो याच आकाराला. रोमन पंडित व्हारोने इसवी सनापूर्वी 36 मध्ये मधमाश्यांच्या पोळ्याविषयी हे लिहून ठेवले. त्याची पूर्ण गणिती सिद्धता टॉमस हेल्स यांनी 1999 मध्ये दिली. शिवणारीला या सिद्धतेची गरज कधीच पडली नाही.

इकडे वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीच्या वर्षांत तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला अरुंद रुळांची गाडी धावू लागली, तीच पुढे शकुंतला म्हणून प्रसिद्ध झाली. वऱ्हाडातल्या गठाणी मँचेस्टरला निघत आणि तिथले गिरणीचे कापड आपल्या बाजारात येई. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमागाच्या जाड लुगड्याऐवजी गिरणीचे पातळ गोधडीत शिरले. रेल्वेनेच बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा बुडवला. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीमुळे वंदनीय झालेले पोहरादेवी वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातच आहे. तांड्यातल्या स्त्रिया फेटिया, काचळी, टुकरी या आपल्या पेहरावावर कापडाचे भौमितिक तुकडे, भिंगे आणि कवड्या टाकतात. काठाला काठ जोडण्याची आपल्या जिल्ह्यातली खरी शाळा हीच, असे मला वाटते. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हे काम पाहायला आता दूर जावे लागत नाही.

आज वाशीम जिल्ह्यात कापसापेक्षा सोयाबीनचा पेरा मोठा आहे, आणि पेटीतल्या साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. तरीही घरी षट्कोनी दुपटे शिवणे अवघड नाही. मुलांच्या कंपासपेटीतला कंपास अडीच सेंटीमीटर उघडून वर्तुळ काढावे, तेच अंतर परिघावर सहा वेळा मोजावे आणि खुणा जोडाव्यात. साच्याला जुन्या लग्नपत्रिकेचा कागद उत्तम. चहूबाजूंनी पाव इंच जास्त ठेवून सुती कापड कापावे, कागदावर दुमडून कच्चे टाके घालावेत, मग दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर धरून काठावरून बारीक टाके घेत जोडावे. मध्ये एक, भोवती सहा, त्यापुढे बारा, मग अठरा, असे फूल वाढते. सर्व बाजूंनी जोडल्या गेलेल्या तुकड्याचा कागद काढून घ्यावा. पाऊण मीटरच्या चौरस दुपट्याला असे साडेतीनशेच्या आसपास तुकडे लागतात. आत मात्र बाजारचा पॉलिस्टरचा थर घालू नये. जुन्या सुती लुगड्याचेच थर घालावेत आणि आपल्या धावदोऱ्याने शिवावे. वरून परदेशी आकृती आणि आतून वऱ्हाडी गोधडी, हा संकर मला योग्य वाटतो, कारण तसे दुपटे धुण्याला टिकते आणि ऊबही देते.

एक विनंती आहे. 1718 ची रजई इतिहासात राहिली, कारण शिवणारीने तिच्यावर साल आणि नावाची आद्याक्षरे घातली. आपल्या गोधड्या वापरून वापरून संपल्या, आणि शिवणाऱ्या हातांची नावे कोणत्याच पिढीने लिहून ठेवली नाहीत. म्हणून पुढचे दुपटे शिवाल, तेव्हा एका कोपऱ्यात आपले नाव, गाव आणि साल दोऱ्याने घाला. आणि आईची गोधडी घरात असेल, तर तिचेही घाला.