गावाचा ‘डिजिटल जुळा’ : आकाशातून घर दिसतं, कब्रस्तान दिसत नाही

डिजिटल ट्विन म्हणजे गावाचा किंवा शहराचा संगणकात तयार केलेला जुळा. कागदी नकाशा रस्ता कुठून जातो एवढंच सांगतो. या जुळ्यात इमारतींची उंची, जमिनीचा उतार, गटारं, पाण्याच्या लाइनी असं सगळं असतं आणि त्यावर आधी प्रयोग करून बघता येतो. समजा, मंचरमध्ये एखादा रस्ता रुंद केला, तर पावसाचं पाणी कोणत्या आळीत शिरेल? खोदकामाआधीच याचा अंदाज येतो.

सिंगापूरनं २०१४ मध्ये अशा कामाला सुरुवात केली. आपल्या देशात २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात प्रमुख शहरांचे डिजिटल ट्विन २०३५ पर्यंत करायचं ठरलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी जमिनींच्या मोजणीसाठी ‘नक्शा’ हा केंद्राचा उपक्रम १५२ शहरांत सुरू झाला.

याची गरज आंबेगाव तालुक्याला वेगळी सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसं गेली. पुनर्वसनाचं नवं गाव २०१७ मध्ये उभं राहिलं आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते, भराव खचले. उतार, माती आणि पाणी यांचा हिशेब घरं बांधायच्या आधी मांडायचा असतो, आणि आमच्या मते या तंत्राचा खरा उपयोग तोच आहे. चकचकीत चित्रं दाखवणं हा नव्हे.

आता आपल्या घरांचा प्रश्न. ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. पुढे २०२० मध्ये स्वामित्व योजना आली. ड्रोन उडण्याआधी घरांच्या हद्दी चुन्यानं आखतात, मग फोटोवरून नकाशा बनतो, भूमी अभिलेख खातं चौकशी करतं आणि शेवटी मिळकत पत्रिका निघते.

अडचण इथंच आहे. ड्रोनला छप्पर दिसतं, मालक दिसत नाही. जुनं कब्रस्तान वरून बघितलं तर काय दिसतं? गवत, चार झाडं, मोकळी जागा. कच्च्या कबरी तर चार पावसाळ्यांत जमिनीला मिळतात. विकास आराखडा करताना १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आधी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा करावा लागतो. त्यात ती जागा ‘मोकळी’ म्हणून चढली, तर उद्या तिथं बगीचा किंवा पार्किंगचं आरक्षण पडू शकतं. यात कुणाचा वाईट हेतू असायलाच हवा असं नाही, सांगणारा कुणी नसला तरी पुरे. गावकीची स्मशानभूमी, देवस्थानची जागा, पाणंद यांचंही तेच.

म्हणून मोजणीची नोटीस लागली की घरातलं एक जाणतं माणूस जागेवर हवं. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, वाटणीपत्र असेल तर तेही जवळ ठेवा. वारसांची नावं चढवताना बहिणींची नावं ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. तो त्यांचा हक्क आहे. मशीद, दर्गा, कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी वक्फ बोर्डाकडची नोंद आणि जून २०२५ पासून सुरू झालेल्या उम्मीद पोर्टलवरची माहिती एकमेकांशी जुळते का, ते बघावं. क्षेत्र एकीकडे गुंठ्यात, दुसरीकडे चौरस मीटरमध्ये असतं, तिथंच घोळ होतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर.

आराखडा जाहीर झाल्यावर हरकतीची मुदत नोटिशीतच छापलेली असते. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.