भूचुंबकीय वादळ : १८५९ साली कुलाब्याच्या वेधशाळेत काय नोंदलं गेलं?

सूर्यावर स्फोट झाला तर आपल्याकडची वीज जाऊ शकते का? हो, जाऊ शकते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्युबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. कारण होतं भूचुंबकीय वादळ.

वादळ होतं कसं?
सूर्यावरून विद्युतभारित कणांचा सौरवारा सतत वाहत असतो. पृथ्वीचं चुंबकावरण त्यातला बहुतेक भाग बाजूला वळवतं. पण कधीकधी सूर्यावरून प्लाझ्माचा प्रचंड ढग सुटतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत घुसते. मग विषुववृत्ताच्या पट्ट्यावर, हजारो किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरणारा विद्युतप्रवाह वाढतो आणि जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र घटतं.

कुलाब्याची नोंद
१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सौरडागांजवळ लख्ख प्रकाश पाहिला. अठरा तासही झाले नाहीत तोच वादळ पृथ्वीवर धडकलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली. त्याच वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसं डोळ्यांनी मोजमाप घेत होती. तिथे आडव्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. ही सगळी घट त्या उंचावरच्या प्रवाहामुळेच झाली का, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे. पण विषुववृत्ताजवळची त्या वादळाची इतकी मोलाची नोंद दुसरी नाही.

अलिबाग कशासाठी?
मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणजे मोजमाप बिघडणार. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, हे काम अलिबागला हललं. तिथल्या इमारतींत लोखंड कटाक्षाने टाळलं. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

आज धोका किती?
ध्रुवांजवळच्या देशांत वीजजाळ्यांना धोका जास्त. आपल्याकडे उपग्रह, जीपीएस आणि रेडिओ संपर्काची काळजी मोठी. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हान्ले इथे आकाश लाल झालं होतं. भारताचं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. ढगाच्या क्षेत्राची दिशा तिथेच नेमकी कळते. पण वेगवान ढग तिथून अर्ध्या तासात पृथ्वी गाठतो. सावध व्हायला हाती वेळ असतो तेवढाच.