पानशेतचे पाणी आणि पैनगंगेचा काठ

‘बैल गेला आणि झोपा केला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. बैल गेल्यावर दार लावणाऱ्याला आपण हसतो. परंतु बैल गेल्यावरही दार न लावता, ते कोणी उघडे टाकले यावरच भांडत बसणाऱ्याला काय म्हणावे, हे म्हण सांगत नाही.

28 सप्टेंबर 2021 रोजी सकाळी आमच्या उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरील पुलावरून पुराचे पाणी वाहत होते. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. बस त्या पाण्यात शिरली आणि प्रवाशांसह वाहून गेली. ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषाने त्या दिवसांत मराठवाडा व विदर्भ झोडपून काढला होता. काही जण वाचले, काहींना प्राणास मुकावे लागले. अशा वेळी ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न चटकन ओठांवर येतो. ‘चूक घडली कशी, आणि उद्या ती घडू नये म्हणून काय करावे?’ हा प्रश्न विचारण्यास मात्र माणसाला जरा थांबावे लागते.

महाराष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन ऐकला आहे. 12 जुलै 1961 रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ 1879 सालचे खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. धरणाचे काम अपुरे होते. पाणी सोडण्याच्या मोरीची व तिच्या दरवाज्यांची यंत्रणा पूर्ण झालेली नव्हती, तरीही त्या पावसाळ्यात जलाशय भरला. मातीचा भराव खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो थोपवून धरण्याची शर्थ केली. त्या परिश्रमांमुळे धरण रात्री न फुटता दिवसा फुटले आणि असंख्य जीव वाचले. मात्र जवानांनी मिळवून दिलेल्या त्या वेळात नागरिकांना स्पष्ट इशारा मिळायला हवा होता, तो मिळाला नाही.

राज्य स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि पुढच्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक होती. साहजिकच आरोपांचे रान पेटले. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांची नेमणूक झाली. ती पुरी होण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला व काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेले. या काळात स. गो. बर्वे यांच्यासारखा प्रशासक उद्ध्वस्त पुण्याच्या पुनर्वसनात गढून गेला होता. दोषाचा निवाडा होईपर्यंत बेघरांना थांबवून ठेवता येत नाही, हे त्या कामाने दाखविले.

दोष शोधूच नये, असे आमचे म्हणणे नाही. मृतांच्या आप्तांना न्याय हवाच, आणि जबाबदारी कोणाचीच नसेल तर सुधारणाही कोणी करणार नाही. पण आरोप सोयीचा झाला की तो धड्याची जागा घेतो. 2019 साली कृष्णाकाठी महापूर आला, तेव्हा बोट कर्नाटकातील अलमट्टी धरणाकडे दाखविले गेले. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने मात्र अलमट्टीला कारण मानले नाही. अतिवृष्टीबरोबरच पूररेषेच्या आतील आपल्याच बांधकामांकडे तिने लक्ष वेधले. ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसे बुडाली, ती आपल्याच काठाजवळ. तिथे शेजारच्या राज्याला दोष देऊन काय साधणार?

वाचकहो, पानशेत आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की उमरखेड तालुक्यातील काठच्या गावांत पाणी चढते. निरोप गावात किती आधी पोहोचतो? रात्री तो कोण देतो? आजारी व वृद्धांना उंचावर कोण नेतो? पुलावर पाणी आले की रस्त्यात आडवा बांबू कोण टाकतो?

या प्रश्नांची उत्तरे तालुक्याच्या कचेरीने द्यावीत, हा आपला हक्क आहे. ती उन्हाळ्यातच जाऊन विचारणे आणि आपल्या गावापुरती माणसे नेमून ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे.