नाडीची चाल आणि नाडीचा आकडा
नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथल्या वैद्यांची आणि युनानी हकिमांची रोगपरीक्षा मनगटावर बोटे ठेवून होई. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथानुसार वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी चालते. म्हणजे पाहायची ती चाल. मिनिटाचे ठोके मोजणे ही निराळीच, घड्याळावर बेतलेली रीत. इंग्लंडमध्ये डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये त्यासाठी खास घड्याळ वापरले. ही रीत शिकवणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडला १९८८ मध्ये आले, लातूरला २००२ मध्ये. आताचे स्मार्टवॉच हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्ताचा चढउतार टिपून ठोके मोजते. पट्टा सैल असला किंवा हात हलत राहिला, की आकडा बिघडतो. शंका आल्यास बोटांनी पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत.