परक्याचा वकील, सरकारचा खर्च

१९४८च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातल्या अनेक अरब-पठाणांना पकडून देशाबाहेर धाडले गेले. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तेव्हा याच संस्थानातला जिल्हा. कित्येकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, तरी ते परके ठरले. अशांना सरकारी खर्चाने वकील देणारा कायदाच नव्हता, ही त्या काळाची मोठी उणीव.

ती भरायला दशके गेली. १९७६ साली राज्यघटनेत ३९-अ कलम आले, १९८७मध्ये विधी सेवा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५पासून तो लागू झाला. त्याचे १२वे कलम मन लावून वाचावे असे आहे: कोठडीतल्या माणसाला मोफत वकील, आणि नागरिकत्वाची अट नाही.

तुलनाच करायची, तर न्यूयॉर्क शहराने हद्दपारीच्या खटल्यांत वकिलांचा खर्च उचलायला सुरुवात केली, ती २०१३मध्ये.

आपल्याकडे, धाराशिवात, मोफत वकिलासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो.