हृदयधमनीतील कॅल्शियम व कॅथेटर उपचारपद्धती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदयधमनीच्या भिंतीत साचणाऱ्या मेदाबरोबर कालांतराने कॅल्शियमही साठते व ती भिंत कठीण बनते. छातीची शस्त्रक्रिया न करता, केवळ कॅथेटरद्वारे हा अडथळा दूर करण्याच्या प्रयत्नांतील प्रमुख टप्प्यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला असून, नवे साधन आणि त्याची सिद्ध उपयुक्तता यांतील संबंध तपासला आहे.

फुगा व त्याच्या मर्यादा :
१९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नलिका नेली. पुढे १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी जागृत रुग्णाची अरुंद हृदयधमनी फुग्याच्या साहाय्याने रुंद केली. मात्र कॅल्शियमयुक्त अडथळे या उपचारास प्रतिकूल ठरले. १९८६ मध्ये स्टेंटचा वापर सुरू झाला, तरी मूळ प्रश्न सुटला नाही. कठीण भिंतीत स्टेंट पूर्ण उघडत नाही व अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा किंवा धमनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो.

घर्षणाकडून आघातलहरींकडे :
अमेरिकन अभियंता डेव्हिड ऑथ यांनी हिऱ्याचे सूक्ष्म कण बसविलेले, मिनिटाला लाखाहून अधिक वेळा फिरणारे टोक विकसित केले. लवचीक ऊती त्यापुढे दबते, तर कठीण कॅल्शियम घासले जाते, हे त्यामागील तत्त्व होय. या साधनास अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली. धमनीस छिद्र पडणे किंवा रक्तप्रवाह मंदावणे हे त्यातील धोके होत. १९८० मध्ये म्युनिक येथे मूतखडे फोडण्यासाठी आघातलहरींचा प्रथम वापर झाला होता. तेच तत्त्व पुढे फुग्यात आणले गेले व हृदयधमनीसाठी त्यास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

निष्कर्ष :
या इतिहासाकडे केवळ अखंड प्रगती म्हणून पाहता येत नाही. घर्षणाचाच एक प्रकार असलेल्या व अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झालेल्या कक्षीय पद्धतीची तपासणी सुमारे २,००० रुग्णांच्या ‘एक्लिप्स’ चाचणीत झाली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, स्टेंटपूर्वी सरसकट घर्षण केल्याने साध्या फुग्यापेक्षा अधिक लाभ झाला नाही. ज्या धमनीत फुगा शिरत वा उघडतच नाही, तेथे अशा साधनांची गरज कायम आहे. तथापि साधनाला मिळालेली मान्यता म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी त्याची आवश्यकता नव्हे, हे या इतिहासातून स्पष्ट होते.