कोळशातला अमर शेख

मानपाडे दोन आहेत. एक डोंबिवलीचा, दुसरा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचा. आम्ही सांगतो आहोत ते या दुसऱ्या मानपाड्यातल्या एका घराबद्दल. तिथे भिंतीला टेकवून ठेवलेले शाहीर अमर शेख यांचे कोळशातले चित्र आम्ही पाहिले. काढणारा मुलगा चित्रकला शिकणारा. त्याचे नाव इथे देत नाही.

चित्रात कागदाचा बहुतेक भाग काळा आहे. त्या काळ्यातून कपाळ, गालफड आणि उघडे तोंड वर येते. गळ्याच्या शिरा दाबून ओढलेल्या. डोळे मात्र बोटाने पुसल्यासारखे, आणि डफाची फक्त कडा. पाहताक्षणी आम्ही म्हणालो, हा संताप आहे, हे संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. पण थोडे थांबून पाहिले तेव्हा आमचेच म्हणणे आम्हाला पटेना. संतापलेल्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात, इथे कपाळ कोरे आहे. खोडरबराने काळे उचलून तिथे उजेड काढला आहे. हे तोंड ओरडत नाही. लांबवलेला सूर ते शेवटपर्यंत धरून आहे.

तो सूर आला कुठून? मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1916 रोजी बार्शीत झाला. आई मुनेरबीच्या तोंडची लोकगीते हीच त्यांची पहिली शाळा. पुढे मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, संप, विसापूरचा तुरुंग. मेहबूब पटेलांचे अमर शेख झाले. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्यानंतरचे सारे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

ठाऊक आहे ते आवाजापुरतेच, आणि आमची खरी तक्रार इथेच आहे. 29 ऑगस्ट 1969 रोजी अपघातात अमर शेख गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या या मुलाने त्यांना छायाचित्रांवरूनच काढले. म्हणून हे चित्र अमर शेखांचा पुरावा नव्हे. आपण त्यांना कसे लक्षात ठेवले, याचा पुरावा आहे. चित्रात डफ आहे, लेखणी नाही. ‘कलश’ (1958) आणि ‘धरतीमाता’ (1963) हे कवितासंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिणारा माणूस त्या काळ्यात बुडून गेला आहे. मुलाला दोष कसा द्यावा? सभेत त्यांचे नाव घेताना आपणही ‘पहाडी आवाज’ म्हणून मोकळे होतो. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. बार्शी त्याच जिल्ह्यातली. आपली लेखनपरंपरा शोधायला आपण दूर दूर जातो, आणि घरचा कवी गायक म्हणून बाजूला ठेवतो.

कोळसा उगाळावा तितका काळाच, असे म्हणतात. चित्रकाराला मात्र तोच कोळसा पुसून उजेड काढता येतो. पुसलेल्या डोळ्यांबद्दल आम्ही मुलाला विचारले. तो म्हणाला, “फोटोत डोळे नीट दिसत नव्हते. अंदाजाने काढायचे नव्हते.” इतका प्रामाणिकपणा इतिहास लिहिणाऱ्यांतही क्वचित आढळतो.

कवितांची पुस्तके त्याने पाहिली नव्हती. ‘कलश’ मिळाले तर वाचायला द्या, म्हणाला. चित्रावर त्याने अजून फिक्सेटिव्ह मारलेले नाही. निघताना आमच्या बाहीला डफाची कडा लागून आली.